पाटकरी नेमताना

खासदार साहेब,
तुम्ही नाशकात असता तेव्हा
कार्यालयाबाहेर चपलांचीच रांग दोन दुकानं ओलांडते,
म्हणून हे लिहून देते आहे.
तुमच्या माणसाने फायलीत घातलं तरी चालेल,
फक्त सगळ्यात खालच्या फायलीत नको.

मी कर्णबधिर मुलांची बाई.
गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत आमची शाळा.
शाळा सुटली की भिंतीला निळी चादर लावून
मी फोनपुढे हातांनी धडे सांगते.
ते सुरगाण्यापर्यंत जातात.
तिथे मंजुळा गावित
रेंजसाठी पाण्याच्या टाकीपाशी चढून बसते,
फोन दगडाला टेकवून.
तुम्ही-आम्ही एका हाताने फोन धरून बोलतो.
तिला बोलायलाच दोन्ही हात लागतात.

गेल्या महिन्यात तिच्या फोनवर फुकटचा पॅक आला.
त्यात कंपनीचे सिनेमे चालतात,
कुस्त्या, क्रिकेट, केक करणारी एक बाई,
सगळं कसं धो धो.
माझा धडा तेवढा अडतो.
मी ‘नदी’ म्हणायला हात उचलला
आणि तो तिथेच, हवेत,
चाळीस सेकंद.
तिला वाटलं, मी ‘थांब’ म्हणतेय.
ती थांबली.
अजून भांडते माझ्याशी, तुम्हीच थांबवलंत म्हणून.

तुम्ही म्हणाल, नेटवर्क कमी असेल.
असेलही.
पण त्याच फोनवर त्याच वेळी
केक छान फुगत होता.

माझे वडील मोसम नदीवर फडाचे पाटकरी होते.
तुमचं आजोळ ताहाराबादकडचं, तुम्हाला सांगायला नको.
बंधारा सगळ्यांचा, पाट सगळ्यांचा,
खांद्यावर फावडं टाकून रात्री फिरणारा माणूस एक.
पाळी आली की दारं मोडायचं,
संपली की मातीनं बुजवायचं.
शेत सरपंचाचं की सोनूबाईचं,
हे पाण्याला माहीत नसतं
आणि पाटकऱ्यानं त्याला सांगायचं नसतं.

एका वर्षी गुऱ्हाळवाल्या शेठनं
आमच्या घरी गुळाची ढेप पाठवली.
आईनं दोन दिवस ती परातीखाली झाकून ठेवली.
तिसऱ्या दिवशी वडिलांनी ती उचलली
आणि फडाच्या बैठकीत मधोमध नेऊन ठेवली.
बोलले काहीच नाहीत.
आम्हा भावंडांना गूळ फार आवडायचा.
हे उगाच सांगतेय.

पण पाटकरी निवडायची बैठक दिवसभर चालायची, साहेब.
लोक भाकरी बांधून यायचे.
बंधारा फुटला तर दिसतो, म्हणायचे,
पाटकरी फुटला तर
शेवटचं शेत वाळल्यावर कळतं.

ऐकते की दिल्लीत नियामकाच्या खुर्च्यांवर
आता नवी माणसं बसणार.
नेमणूक तुमच्या सहीनं होत नाही,
तेवढं नागरिकशास्त्र मी शिकवते.
पण समितीत तुम्ही आहात,
मंत्र्याला पत्र लिहू शकता,
सभागृहात उभं राहू शकता.
जो म्हणेल, पाटात पाणी सगळ्यांचं एकाच पाळीनं जाईल,
कंपनीचं आधी आणि बाईंचं नंतर असं होणार नाही,
त्याच्या मागे उभे राहा.
त्याच्याकडून लेखी घ्या.
जो म्हणेल, ‘बाजार बघून घेईल’,
त्याला एवढंच विचारा,
गुळाची ढेप घरी आली तर कुठे ठेवाल?
उत्तर द्यायला वेळ लागला तर
तेच उत्तर समजा.

आणि तुम्ही गप्प बसू नका.
आमच्या भाषेत गप्प बसणं म्हणजे
दोन्ही हात मांडीवर.
लांबूनही ओळखू येतं.

शनिवारी मंजुळा पुन्हा टाकीपाशी चढेल.
‘नदी’पासूनच सुरू करायचंय.
तुमचं उत्तर मला तिलाही दाखवायचं आहे,
तेव्हा व्हिडिओ करून पाठवा.
उजेडात बसा.
हात दिसू द्या.

कुंदा देवरे